खुलासा: घशातले पांढरे ठिपके आणि तीन गोळ्यांचा मेसेज

‘घशात पांढरे ठिपके दिसले की मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या आणा, डॉक्टर नको,’ हा कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरणारा मेसेज चुकीचा आहे. बहुतेक घसादुखी विषाणूंची. तिथं या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही. खोकला नाही, पण ताप, टॉन्सिलवर पांढरा थर आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी, तेही 5 ते 15 वर्षांच्या पोरात, तर स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा संशय घ्यावा. खात्री स्वॅबनं, म्हणजे घशातून काडीनं घेतलेल्या नमुन्याच्या तपासणीनं होते. मग डॉक्टर बहुधा पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन 10 दिवस देतात; बरं वाटलं तरी कोर्स पुरा करायचा, नाहीतर पुढे हृदयाच्या झडपांवर बेतू शकतं. तांबडा रस्सा? औषध नव्हे, उलट चरचरेल. थुंकी गिळवेना, श्वास अडकला तर थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय गाठा.