आमचं दिल्लीचं मत

विधानसभा आली की कर्नाटकातल्या आमच्या सीमाभागात घराघरांत वाद पेटतो. हा भाग महाराष्ट्रात जावा म्हणणारी महाराष्ट्र एकीकरण समिती की राष्ट्रीय पक्ष, यावरून सख्खे भाऊ महिना-महिना एकमेकांशी बोलत नाहीत. लोकसभा आली की तीच माणसं म्हणतात, "दिल्लीचं मत आहे, द्या कुणालाही." निपाणीजवळच्या आमच्या गावात मी हे लहानपणापासून ऐकतोय, आणि मला ते साफ उलटं वाटतं. राज्याची हद्द बदलायचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमानं संसदेला दिला आहे. विधानसभेचं फक्त म्हणणं मागवतात, आणि ते संसदेवर बंधनकारक नसतं. ज्या सभागृहाला हद्दीचा निर्णयच घेता येत नाही तिथं माणूस पाठवायला आपण जिवाचं रान केलं, आणि जिथं निर्णय होतो तिथली जागा सोडून दिली.

१९५६ साली राज्य पुनर्रचनेचं विधेयक केंद्रीय गृहखात्यानं संसदेत आणलं. त्याच गृहखात्यात बेळगावचे खासदार बळवंत दातार मंत्री होते. आपल्या भागाचं भवितव्य ठरत होतं तेव्हा आपला खासदार त्या खात्यात बसलेला होता, ही गोष्ट आज किती जणांना ठाऊक आहे?

आमच्या चिकोडी मतदारसंघाची सुरुवात खरं तर वेगळी होती. १९५७ साली इथून बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाचे दत्ता कट्टी निवडून आले. (हुक्केरीच्या कत्ती घराण्याशी त्यांची गल्लत करू नका.) बाबासाहेब जाऊन तीन-चार महिनेही झाले नव्हते आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती. त्या वातावरणात या ग्रामीण मतदारसंघानं काँग्रेसला बाजूला सारून फेडरेशनचा माणूस दिल्लीला पाठवला. मला याचा आजही अभिमान वाटतो, आणि आमच्या पोरांना हे कुणी सांगत नाही याचं वाईटही वाटतं.

१९६२ ला काँग्रेसचे वसंतराव पाटील आले. १९६७ पासून बी. शंकरानंद. ६७, ७१, ७७, ८०, ८४, ८९, ९१ असे सलग सात वेळा! केंद्रात आरोग्यमंत्री झाले, पुढे पेट्रोलियम खातं सांभाळलं, बोफोर्स तोफा खरेदीची चौकशी करणाऱ्या संयुक्त संसदीय समितीचे अध्यक्षही तेच होते. माणूस मोठा होता, यात वाद नाही. पण याच काळात, ६ एप्रिल १९८१ ला, निपाणीत तंबाखू आंदोलनावर गोळीबार झाला आणि १२ शेतकरी गेले. शेतकरी नेते शरद जोशींच्या हाकेला ओ देऊन हजारो माणसं हायवेवर बसली होती. तंबाखूवरचा अबकारी कर दिल्लीचा, म्हणजे प्रश्न खासदाराच्याच दारातला. तरीही पुढच्या तिन्ही लोकसभांना निकाल तोच लागला. रस्त्यावरचा तो राग मतपेटीपर्यंत का पोचला नाही? माझं उत्तर एकच आहे : लोकसभेचं मत आपण आपल्या प्रश्नाशी कधी जोडलंच नाही.

१९९६ ला जनता दलाच्या रत्नमाला सवणूर यांनी शंकरानंदांना हरवलं. मग विजापूरकडचे रमेश जिगजिणगी तीन निवडणुका तीन पक्षांकडून जिंकले : लोकशक्ती, संयुक्त जनता दल, भाजप. २००८ ला मतदारसंघांच्या पुनर्रचनेत, तोवर अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला चिकोडी खुला झाला आणि तेव्हापासून सामना घराण्यांचा आहे. २००९ रमेश कत्ती, २०१४ प्रकाश हुक्केरी (जेमतेम तीन हजारांनी), २०१९ अण्णासाहेब जोल्ले, २०२४ प्रियांका जारकीहोळी. २०१९ ला तर लढत एकसंबा या एकाच गावच्या दोघांत होती. साखर कारखाना, सोसायटी, पाणी यावर ही मतं फिरतात. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते चुकीचं नाही. पण भाषेचा प्रश्न त्यात कुठंच नसतो.

प्रचाराला रिक्षा मराठीतून ओरडत येते, पत्रकावर शिवरायांचा फोटो असतो. निकाल लागला की जमिनीचा उतारा, नोटीस, अर्ज सगळं कानडीत. आमचे काका उतारा घेऊन शेजारच्या हायस्कूलच्या पोराकडं जातात आणि तो बोट ठेवून एकेक रकाना वाचून दाखवतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी घटनेत ३५० ब कलम आहे. त्यानुसार नेमलेल्या आयुक्तांचा अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढं ठेवावा लागतो. त्यावर उठून बोलणं हे खासदाराचं काम. मतं मागायला आलेल्या किती जणांना आपण यावर विचारलं?

बेळगावनं लोकसभेत दोनदा आवाज दिला. १९९६ ला समितीनं निषेध म्हणून उमेदवार उभे केले आणि एकूण आकडा ४५६ वर गेला. अनामत तेव्हा ५०० रुपये होती. देशात इतर ठिकाणीही असंच झाल्यावर त्याच वर्षी कायदा बदलून ती १० हजार झाली. देशभर बातमी झाली, पण निवडून आले जनता दलाचे कौजलगी. दुसरी वेळ २०२१ च्या पोटनिवडणुकीची. समितीचा एकच उमेदवार, शुभम शेळके, आणि १ लाख १७ हजारांवर मतं. भाजपच्या मंगला अंगडी जिंकल्या त्या सव्वापाच हजारांच्या आसपास फरकानं. त्या आकड्यानं भाजप आणि काँग्रेस दोन्ही जागे झाले. ४५६ नावांपेक्षा हे एक नाव जास्त कामाचं ठरलं, असं माझं स्पष्ट मत आहे. विधानसभेत २०१३ ला समितीचे दोन आमदार होते, २०१८ ला आणि २०२३ ला एकही नाही. त्यामुळं लोकसभेचा विचार आता टाळून चालणार नाही.

अडचण खरी आहे. आपला भाग तीन लोकसभा मतदारसंघांत विखुरलाय : निपाणी चिकोडीत, बेळगाव बेळगावात आणि खानापूर घाटाखालच्या कारवार-भटकळबरोबर उत्तर कन्नडमध्ये. २०२४ ला खानापूरच्या माजी आमदार अंजली निंबाळकर काँग्रेसकडून तिथं उभ्या राहिल्या आणि तीन लाखांवर मतांनी पडल्या. आठ विधानसभा मतदारसंघांतला एक खानापूर करणार तरी काय?

लोकसभेच्या जागांचं फेरवाटप २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर सोडलेलं आहे. मागच्या वेळी मतदारसंघ ठरवणाऱ्या परिसीमन आयोगानं आधी मसुदा जाहीर केला होता, हरकती मागवल्या होत्या, जाहीर सुनावण्या घेतल्या होत्या. पुढच्या वेळी खानापूर बेळगावला जोडा, ही मागणी लेखी, नकाशासह, गावोगावच्या ठरावांसह गेली पाहिजे, आणि तयारी आतापासून हवी. खानापूर-बेळगावच्या मंडळींनी मसुदा करावा. निपाणी भागातून सह्या आणि ठराव गोळा करायचं मी अंगावर घेतो. कमेंटमध्ये गावाचं नाव टाका.