जॉन डेन्व्हर ‘उलट्या’ विमानामुळे गेला नाही

अमेरिकन गायक जॉन डेन्व्हरचा फोटो, शेजारी एक चिमुकलं पांढरं विमान आणि खाली मजकूर: ‘पुढे छोटे पंख, मागे पंखा. असल्या उलट्या विमानाला तोल कसला? त्यात घरी बांधलेलं. म्हणून डेन्व्हर गेला.’ हा मेसेज फिरतफिरत माझ्याकडे परत आला. डेन्व्हर गेला तो विमानातच, पण दोष भलत्याच गोष्टीला दिलाय.

‘उलट्या विमानाला तोल नाही.’

हे विमान म्हणजे अमेरिकन विमानरचनाकार बर्ट रुटान यांचं लाँग-ईझी. पुढचे छोटे पंख शोभेसाठी नाहीत. वेग फार कमी झाला की नेहमीच्या विमानाचा मुख्य पंख विमानाला उचलून धरू शकत नाही. याला स्टॉल म्हणतात. त्यातून विमान गिरक्या घेत खाली येऊ शकतं. लाँग-ईझीत, वजन नेमून दिलेल्या मर्यादेत असेल तर, पुढचा पंख आधी स्टॉल होतो. नाक जरा खाली जातं, वेग पुन्हा वाढतो आणि मुख्य पंख आपलं काम करत राहतो. रुटान यांच्याच व्हॉयेजर या विमानालाही पुढे असा पंख होता. 1986 मध्ये त्यानं वाटेत इंधन न भरता 9 दिवसांत पृथ्वीला फेरी मारली.

तोल जायची भीती आहे ती जमिनीवर. पायलट उतरला की मागच्या इंजिनाच्या वजनानं हे विमान शेपटीवर बसू शकतं. म्हणून पुढचं चाक आत घेऊन नाक जमिनीवर टेकवून ठेवतात. फोटोत ते गुडघे टेकल्यासारखं दिसतं आणि लोकांना वाटतं, मोडलंय!

‘म्हणून डेन्व्हर गेला.’

12 ऑक्टोबर 1997, कॅलिफोर्नियातला माँटेरे विमानतळ. विमानाला इंधनाच्या दोन टाक्या होत्या. एकीवरून दुसरीवर जायची मूठ पायलटच्या डाव्या खांद्यामागे होती आणि फिरवायला जड होती. तिथल्या तंत्रज्ञानं पक्कड लावून पाहिली, जमलं नाही. मागचे इंधनमापक दिसावेत म्हणून त्यानं डेन्व्हरला छोटा आरसा दिला. इंधन भरू का, असंही विचारलं. तासभरच उडायचंय, असं म्हणत डेन्व्हरनं नको सांगितलं.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा निष्कर्ष असा: मूठ फिरवण्याच्या खटपटीत त्याचं लक्ष उडलं, उजव्या रडरचं (विमानाला उजवीकडे वळवणाऱ्या झडपेचं) पेडल नकळत दाबलं गेलं आणि ताबा सुटला. बसून पाहा म्हणजे कळेल. उजवा हात विमान चालवायच्या दांड्यावरून काढून डाव्या खांद्यामागे न्यायचा, तर अंग वळतं आणि आधारासाठी उजवा पाय आपोआप रेटला जातो. मूठ आणि मापकांवर खुणा नव्हत्या, हेही मंडळानं कारणांत धरलं. अपुरं इंधन आणि या विमानाचा तोकडा सराव, हीही कारणं होती. त्याच्या गाठीशी हजारो तासांचं उड्डाण होतं, पण या विमानाची तोंडओळख आदल्या दिवशी, जेमतेम अर्धा तास.

‘घरी बांधलेलं.’

इथे थोडं तथ्य आहे. शेकडो हौशी लोकांनी लाँग-ईझी बांधून उडवलीत, पण बांधणाऱ्याला आराखड्यात बदल करायची मोकळीक असते आणि या विमानात ती वापरली गेली. रुटान यांच्या आराखड्यात ती मूठ पायलटच्या दोन पायांच्या मध्ये आहे.