आधी बॉट घ्या, काम मागाहून शोधू

तुमची कंपनी एवढी मोठी, वर्षाला लाखभर बिलं येतात, आणि अजून एकही बॉट नाही? मग वार्षिक अहवालात छापणार तरी काय? बॉट म्हणजे स्क्रीनवर माणसासारखं क्लिक करणारं, एका खिडकीतला आकडा उचलून दुसरीत टाकणारं साधं सॉफ्टवेअर असतं, हे संचालकांना सांगत बसू नका. सादरीकरणात एक पांढराशुभ्र यांत्रिक हात दाखवा आणि खाली लिहा, 'रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन'. लाडाने आरपीए.

काम कोणतं द्यायचं? नियम ठरलेले आहेत, स्क्रीन सहसा बदलत नाही, रोज शंभरदा तेच करावं लागतं, असं काम द्या म्हणून जाणकार सांगतात. फारच अळणी सल्ला. तुम्ही सगळ्यात गुंतलेलं काम निवडा. बिलांचंच घ्या. व्हेंडर पीडीएफ पाठवतो. आपण तिची प्रिंट काढतो, शिक्का मारतो आणि पुन्हा स्कॅन करतो. मग सॅपमधून, म्हणजे कंपनीच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून, पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) एक्सेलमध्ये उतरवून घेतो, तिथे ताळा जुळवतो, प्लँटला मेल टाकतो, 'ओके' आलं की आकडे परत त्याच सॅपमध्ये भरतो. आयटीतलं एखादं पोर म्हणेल, "सर, ऑर्डर, माल आणि बिल यांची ही थ्री-वे मॅच सॅप स्वतःच करतं." त्याला पुढच्या फेजमध्ये ढकला. प्लँटला मेल का जातो, हेही खणत बसू नका. कधीकाळी तिथल्या एका साहेबांना प्रत हवी असायची. साहेब रिटायर होऊन गावी आंब्याची कलमं लावून बसले, मेल जातोच आहे. आता रात्रीसुद्धा जाईल, आणि माणसापेक्षा कितीतरी वेगाने.

बॉटचं बारसं मात्र थाटात करा. एचआरकडून नाव सुचवण्याची स्पर्धा, सीएफओंच्या हस्ते केक, जमल्यास लॅपटॉपसमोर नारळ.

आता अकाउंट्समधल्या काकूंचं काय करायचं ते ठरवा. बावीस वर्षं त्या हीच बिलं बघताहेत. सल्लागार त्यांच्या शेजारी दोन दिवस बसून क्लिक मोजतील. तेवढं पुरे. त्या कुठे क्लिक करतात ते टिपून घ्या, मध्येच हात आखडता का घेतात ते विचारू नका. चाकणचा एक व्हेंडर तेच बिल दोनदा पाठवतो. एकदा मेलवर, एकदा ड्रायव्हरच्या हाती, आणि कागदावरच्या नंबरापुढे शेपूट असतं '/ए'. काकू चष्म्यावरून बघतात, "हा परत आला" म्हणतात आणि बाजूला ठेवतात. हे वाक्य कुठल्याच फ्लोचार्टमध्ये बसत नाही. सॅपची डुप्लिकेट तपासणी बिलाचा नंबर अक्षरन् अक्षर जुळवते. शेपूट दिसलं की तिच्या लेखी ते दुसरं बिल. बॉटलाही तसंच वाटेल आणि तो दोन्हीचे पैसे सोडेल. व्हेंडर सज्जन असेल तर कळवेल. (मला अजून भेटलेला नाही.)

जीएसटीतही बॉटला मोकळं सोडा. दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीआर-2बी, म्हणजे व्हेंडरांनी सरकारला दाखवलेल्या बिलांची यादी, तयार होते आणि 1 जानेवारी 2022 पासून व्हेंडरने न दाखवलेल्या बिलाचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, म्हणजे ताळा हवाच. फक्त बॉट ती यादी एक्सेलमध्ये उघडेल आणि एक्सेल '0045'चं '45' करून ठेवेल. पुढची दोन शून्यं गेली की बिल जुळत नाही. बिल जुळलं नाही की बॉट व्हेंडरला कडक मेल लिहितो, तोही थेट मालकाला. पोर्टलवर लॉगिन करताना कॅप्चा येतो, तो खास बॉटला अडवायलाच असतो. तिथे एक इंटर्न बसवा. बॉट थांबेल, पोरगं वाकडीतिकडी अक्षरं वाचून टाइप करेल, बॉट पुढे जाईल. या व्यवस्थेला 'ह्यूमन इन द लूप' म्हणतात. इंजिनिअरिंग केलेलं पोरगं असलं तर उत्तम.

बॉट अडला की मेल पाठवतो. ते मेल अशा पत्त्यावर घ्या, जो कुणीच उघडत नाही. यात तुम्ही एकटे नाही. 1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहून गेला. बाजार उघडायच्या आधी यंत्रणेने माणसांना 97 मेल पाठवले. कुणी मनावर घेतले नाहीत. मग त्या सर्व्हरवर निजलेला जुना कोड जागा झाला, आणि सुमारे 45 मिनिटांत कंपनीचे 44 कोटी डॉलरहून जास्त गेले. तिथे आरपीए नव्हतं, पण मेल न वाचण्याची परंपरा तीच.

शेवटी वाचलेल्या तासांचा हिशोब. काकूंना एका बिलाला बारा मिनिटं लागायची, बॉटला तीन. नऊ गुणिले लाख, भागिले साठ, आला आकडा. बॉटने बिघडवलेली बिलं निस्तरणाऱ्या चार जणांचे तास दुसऱ्या खात्यात टाका. आणि काकूंना निरोप द्या. शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो.

आमच्या ओळखीच्या एका कंपनीत हे सगळं यथासांग झालं. महिनाअखेरीला, व्हेंडरांचे पैसे एकदम सोडायच्या ऐन पेमेंट रनच्या रात्री, बॉट गप्प बसला. बेंगळुरूहून सल्लागार जोडले गेले, लॉग काढले, व्हेंडरांचे फोन सुरू झाले. पहाटे कुणीतरी धीर करून काकूंना उठवलं.

"स्क्रीनवर काय दिसतंय?"

"पासवर्ड पाच दिवसांत संपतोय, असं काहीतरी."

"मग त्याच्याखालचं ओके दाब ना बाळा. दर तीन महिन्यांनी येतं ते."