खर्च त्यांचा, अभ्यास आपला

साहेब, नोकरीत नवीन आहात, म्हणून आधी एक शब्द पाठ करा: अभ्यासदौरा. स्वतःच्या पैशाने होते ती सहल.

नियमांना घाबरायचं नाही, ते नीट वाचायचे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत तेरावा नियम आहे (राज्याचे १९७९ चे नियम याच घराण्यातले). त्यात फुकटचा प्रवास, राहणं, जेवण हे सगळं भेटवस्तूंत मोडतं. वाचून पोटात गोळा येतो. पण खालीच टीप आहे: सहज घडलेलं जेवण किंवा कुणी दिलेली लिफ्ट म्हणजे भेट नव्हे. लिफ्ट किती किलोमीटरची, ते लिहिलेलं नाही. मुंबई ते म्युनिक ही लिफ्टच, जरा उंचावरून. पुढे म्हटलंय की, कामाचा संबंध असलेल्यांचा भपकेबाज किंवा वारंवार पाहुणचार टाळावा. आपल्याकडे ठेकेदार बारा. प्रत्येकाला वर्षातून एकदाच संधी द्या, म्हणजे कुणाचंच 'वारंवार' होत नाही आणि कुणावर अन्यायही नाही.

यजमान परदेशी असेल तर २०१० च्या परकीय अंशदान कायद्याचं कलम ६ आडवं येतं. एफसी-२ अर्ज भरा, केंद्राची पूर्वपरवानगी घ्या. यातलं 'पूर्व' तेवढं जड जातं. आपला हात कार्योत्तर मंजुरीवर बसलेला. मग तिकीट त्यांच्या इथल्या वितरकाला काढू द्या. डोंबिवलीच्या माणसाला परकीय कोण म्हणेल?

पण खरी कला निविदेत. अटींमध्येच एक ओळ घुसवा: माल रवाना होण्यापूर्वी कारखान्यात तपासणी, अधिकाऱ्यांचा प्रवास व निवास पुरवठादाराच्या खर्चाने. झालं! आता हा पाहुणचार राहिला नाही, अट झाली. नाही गेलात तर करारभंग तुमचाच. पुरवठादार तो खर्च दरात चढवतो, दर सरकार भरतं, म्हणजे बाहेरच्याचा एक पैसाही आपल्याला शिवत नाही. यंत्र अकोल्यात बसणार आणि तपासणी इटलीत होणार, तर चार जण तरी हवेत: एक अभियंता, एक लेखा शाखेचा, एक ज्याची फाईलवर सही बाकी आहे तो, आणि एक तीन महिन्यांत निवृत्त होणारा. त्याला शिकायची ही शेवटची संधी.

अहवाल निघण्यापूर्वीच लिहून ठेवा. 'यंत्र समाधानकारक आढळले' हे वाक्य इथेही टाइप होतं.

एखादा माहिती अधिकारवाला विचारेलच, खर्च कोणी केला? कळवा: 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.' संकलन केलंच नाही, तर उपलब्ध कुठून होणार? अमेरिकेत मात्र याचंही संकलन करतात. तिथल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांचा असा बाहेरच्यांनी केलेला प्रवासखर्च अडीचशे डॉलरच्या वर गेला, की खात्याला दर सहा महिन्यांनी त्याची यादी नीतिमत्ता कार्यालयाकडे पाठवावी लागते, आणि ती लोकांना पाहता येते. ही पद्धत प्रत्यक्ष वॉशिंग्टनला जाऊन अभ्यासायला हवी. चार जणांचं पथक ठरलंय, प्रायोजक शोधतोय.