‘रडत बसणाऱ्यां’च्या वतीने: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘ज्युनियर संघ आणि नकाशा’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा वाचली. एरवी मी दोन ओळींत उत्तर देतो. या वेळी ते जमणार नाही.

मूळ लेख ज्यांच्या नजरेतून सुटला असेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. रग्बीच्या १८, १९ आणि २० वर्षांखालील राष्ट्रीय संघांची निवड होते, तेव्हा शिबिराच्या जवळची आणि मोठ्या शालेय स्पर्धांतून आलेली मुलं सहज वर येतात, लांबच्या विभागांतली मुलं मागे पडतात, असं मी लिहिलं होतं. उदाहरणं वेल्स, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिकेची होती. त्यावर आपलं म्हणणं असं: वेल्सची माहिती चुकली आहे, लेखात आकडेवारी नाही, जिथे खेळणारी मुलं जास्त तिथून निवडही जास्त होणारच, आणि विभागवार कोटा लावला तर संघाचा दर्जा घसरेल. एवढ्यावर आपण थांबला असता तर आपली छान चर्चा झाली असती. पण शेवटी आपण हे वाक्य लिहिलंत: “ज्यांची स्वतःची कधी निवड झाली नाही, तीच माणसं आयुष्यभर निवड समितीच्या नावाने रडत बसतात.”

माझी चूक आधी मान्य करतो. वेल्समध्ये २००३ साली प्रादेशिक संघ सुरू झाले तेव्हा ते पाच होते, मी चार लिहिले. पाचवा, सेल्टिक वॉरियर्स, एका हंगामानंतर बंद झाला आणि चार उरले. आपण लक्षात आणून दिलंत, आभारी आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. पण संघ चार की पाच हा माझा मुद्दाच नव्हता. पाचही संघ दक्षिण वेल्समध्ये होते, हा मुद्दा होता. उत्तरेतल्या मुलाला घराजवळ ना व्यावसायिक संघ होता, ना त्या संघाची अकादमी. वेल्सचा खेळाडू जॉर्ज नॉर्थ उत्तरेतल्या अँगलसी बेटावर वाढला. २०१० मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी, वेल्सकडून पहिल्याच सामन्यात त्याने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दोन ट्राय केले (ट्राय म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवणं). पण त्याआधी त्याला घर सोडून दक्षिणेत लॅन्डोव्हरीच्या शाळेत जावं लागलं होतं. हे सगळं त्याच परिच्छेदात होतं. आपण त्यातला आकडा तेवढा उचललात, बाकीचं वाचलंत की नाही ते कळायला मार्ग नाही.

आता त्या वाक्याकडे येतो.

माझ्याशी मतभेद असणारे वाचक पुष्कळ आहेत. काहींनी मला सपशेल चूक ठरवलं आहे, आणि दोन वेळा तरी मी माझं मत बदललं आहे. पण त्यांच्यापैकी कोणी माझ्या हेतूवर बोट ठेवलं नव्हतं. मी कुठे खेळलो, कोणत्या जागेवर खेळलो, किती वर्षं खेळलो, यातलं काहीही आपल्याला ठाऊक नाही. विचारावंसंही आपल्याला वाटलं नाही. नाव न लिहिता आपण एका माणसाच्या आयुष्याचा निकाल एका ओळीत लावून टाकलात. याला टीका म्हणत नाहीत.

विचारलं नाहीत, तरी सांगतो.

मी हुकर होतो. रग्बी न पाहणाऱ्यांसाठी सांगायचं तर, दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी ढकलाढकली करतात तो स्क्रम; त्याच्या पहिल्या फळीत दोन्ही टोकांना असतात ते प्रॉप, आणि त्या दोघांच्या मधोमध उभा राहणारा खेळाडू म्हणजे हुकर. चेंडू मैदानाबाहेर गेला की तो पुन्हा खेळात आणायला लाइनआउट होतो, आणि त्यात तो बहुतेक वेळा हुकरच आत फेकतो. दोन्ही संघांच्या रांगा शेजारी-शेजारी उभ्या असतात, दोघं जण एका उंच खेळाडूला वर उचलतात आणि चेंडू त्याच्या हातात पडावा लागतो. पण मी चेंडू सोडतो त्या क्षणी तो उडी मारणारा अजून जमिनीवरच असतो. तो जिथे असणार आहे त्या रिकाम्या जागेकडे मला फेकायचं असतं. इशारा कोणता, उडी पुढे की मागे, उचलणारे किती वेगाने उचलतात, हे सगळं अंगात भिनायला महिने लागतात. म्हणून अचूक थ्रो ही एकट्या हुकरची कमाई नसते. निदान अर्धी तरी उडी मारणाऱ्याची आणि उचलणाऱ्यांची असते.

मी १७ वर्षांचा असताना १९ वर्षांखालील संघाच्या निवड चाचणीला गेलो. आमच्या क्लबातून आम्ही दोघंच होतो, मी आणि माझ्या डाव्या हाताचा प्रॉप. रात्रभर प्रवास करून पहाटे पोचलो आणि नऊ वाजता मैदानात उभे होतो. समोरच्या संघातला हुकर शिबिराच्याच भागातला होता. त्याच्या लाइनआउटमध्ये उडी मारणारा त्याच्या शाळेचा, उचलणाऱ्यांपैकी एक त्याच्या शाळेचा आणि इशारे त्यांच्या नेहमीच्या प्रशिक्षकाचे. माझ्या संघातल्या उडी मारणाऱ्याचं नाव मला सामन्याआधी पंधरा मिनिटं कळलं. मी फेकलेल्या सात चेंडूंपैकी चार समोरच्यांकडे गेले. माझ्या नावापुढे शेरा पडला: ‘थ्रो अचूक नाही.’ माझी निवड झाली नाही.

माझ्या प्रॉपचं काय झालं ते याहून वाईट. १९ वर्षांखालच्या खेळात स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त ढकलता येत नाही. तो दर वेळी त्या दीड मीटरपर्यंत समोरच्याला मागे नेत होता. मी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो, मला ते अंगावर कळत होतं. पण त्या दिवशी दोन मैदानांवर एकाच वेळी सामने चालू होते आणि आमच्या सामन्याच्या उत्तरार्धात निवड समिती शेजारच्या मैदानावर होती. त्याच्या नावापुढे काहीच लिहिलं गेलं नाही. चांगलं नाही, वाईटही नाही.

पुढच्या वर्षी मी शिक्षणासाठी शिबिराच्या त्याच शहरात गेलो. तिथल्या कॉलेजच्या संघात खेळू लागलो. निवड चाचणीच्या संघांना लाइनआउटचे इशारे देणारे प्रशिक्षक आणि आमच्या कॉलेजचे प्रशिक्षक एकच होते. चाचणीत माझ्या लाइनआउटमध्ये उडी मारायला माझ्याच कॉलेजचा मुलगा होता. माझा हात तोच, वजन जवळपास तेच, थ्रोची पद्धत तीच. या वेळी शेरा होता: ‘थ्रो भरवशाचा.’ माझी निवड झाली. शिबिरात झाली आणि पुढे संघातही झाली. तेव्हा आपलं “कधी निवड झाली नाही” हे विधान साफ खोटं आहे. ते आपण मागे घ्यावं अशी माझी अपेक्षा आहे.

त्या वर्षी माझा जुना प्रॉप आला नाही. चाचणीचे दिवस त्याच्या परीक्षेत आले होते. दोन वर्षांनी त्याने खेळ सोडला. त्याच्याकडून मी आजवर निवड समितीबद्दल एक वाईट शब्द ऐकलेला नाही. आपल्या वाक्यातला रडणारा माणूस कोण, हे मी बराच वेळ शोधत होतो. तो तर गप्पच आहे. लिहितो ते मी, कारण मला जागा मिळाली आणि ती कशी मिळाली हे मला ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट, मूळ लेखात न लिहिलेली. खेळणं थांबल्यावर तीन वर्षं मी ज्युनियर निवड समितीच्या बैठकांना नोंदी घ्यायला बसलो आहे. त्या खोलीत मी एकदाही लबाडी पाहिली नाही. कोणाच्या काकाचा फोन आला नाही, कोणी आपल्या विभागाचा झेंडा फडकवला नाही. पाहिलं ते इतकंच: दोन मुलं बरोबरीत आली की कोणीतरी म्हणायचं, “याला मी वर्षभर पाहतोय.” दुसऱ्याला सगळ्यांनी मिळून चाळीस मिनिटं पाहिलेलं असायचं. शहाणा माणूस अशा वेळी ओळखीचा पर्याय घेणार. मीही तोच घेतला असता. असे पाच-सहा शहाणे निर्णय एका दुपारी घेतले की यादी एका विभागाकडे झुकते, आणि खोलीतल्या प्रत्येकाला आपण न्यायाने वागलो असंच वाटतं. ते खरंही असतं. मी समितीवर आरोप केला असं आपण लिहिलंत. लेखात ‘आरोप’ हा शब्द नाही, ‘पक्षपाती माणसं’ हाही नाही. मी पद्धतीबद्दल लिहिलं होतं. आपल्याला माणसांबद्दल वाचायचं होतं, त्याला माझा इलाज नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवणार नाही.

लेन्स्टर या आयर्लंडच्या प्रांतात डब्लिन आहे, शाळा आहेत, मुलं जास्त आहेत, म्हणून आयर्लंडच्या २० वर्षांखालील संघात तिथली मुलं जास्त दिसतात, असं आपण म्हणता. हे मी स्वतःच लिहिलं होतं, दुसऱ्याच परिच्छेदात. पुढे आपण टाइग फर्लाँगचं उदाहरण देता, की तो वेक्सफर्डमधल्या कॅम्पाइलसारख्या छोट्या गावातून, न्यू रॉसच्या क्लबातून आला आणि जगातल्या उत्तम प्रॉपपैकी एक झाला, तेव्हा गुणवत्तेला कोणी अडवत नाही. पण फर्लाँगही लेन्स्टरचाच आहे. टल्लो गावच्या क्लबातून आलेला आयर्लंडचा खेळाडू शॉन ओब्रायनही तिथलाच. लेन्स्टरची शालेय स्पर्धा १८८७ पासून चालू आहे, आणि तिच्या अंतिम सामन्यात खेळणारा मुलगा निवडकर्त्यांना न शोधता दिसतो. क्लबातल्या मुलाला शोधायला जावं लागतं. म्हणजे एकाच विभागाच्या आतसुद्धा दोन वाटा आहेत, एक उजेडातली आणि एक अंधारातली. आपलं उदाहरण माझाच मुद्दा पुढे नेतं. पोचलेल्यांची नावं आपल्याला माहीत असतात. जे पोचले नाहीत त्यांची नावं आपण कुठून आणणार?

मकाझोले मापिंपीचं उदाहरण मी दिलं होतं, त्याला आपण ‘अपवाद’ म्हणून बाजूला सारलंत. दक्षिण आफ्रिकेत क्रेव्हन वीक ही १९६४ पासूनची शालेय स्पर्धा म्हणजे राष्ट्रीय नजरेत येण्याचा राजरस्ता. ईस्टर्न केपच्या ग्रामीण भागातला मापिंपी तिथे कधी खेळला नाही. देशाकडून पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा २०१८ साल होतं आणि तो २७ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी, योकोहामात इंग्लंडविरुद्ध, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ट्राय करणारा तो पहिला दक्षिण आफ्रिकी खेळाडू ठरला. १८व्या वर्षी तो कुठे होता, हा प्रश्न त्याच्यासाठी नाही, पाहणाऱ्यांसाठी आहे. त्याला अपवाद म्हणून आपण सुटका करून घेतलीत, एवढंच.

आकडेवारीबद्दल: यादीतल्या मुलांचे विभाग मोजणं सोपं आहे. पण ज्याला कोणी पाहिलंच नाही तो मुलगा कोणत्या तक्त्यात सापडेल, ते आपण सांगावं.

कोट्याबद्दल: मी कोटा मागितलेलाच नाही. २३ जणांच्या संघात पहिल्या फळीचे सहा खेळाडू लागतात आणि हुकरच्या जागी विंगवरचा, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा, मुलगा उभा करता येत नाही, हे पहिल्या फळीत खेळलेल्या माणसाला शिकवायची गरज नाही. प्रत्येक विभागाला ठरावीक जागा दिल्या तर संघ उभाच राहणार नाही. मी ज्या तीन गोष्टी मागितल्या होत्या त्या आपल्या प्रतिक्रियेत कुठेच नाहीत, म्हणून पुन्हा लिहितो. चाचणीची जागा दर वर्षी बदलावी. लांबून येणाऱ्या मुलांना चाचणीच्या आधी दोन दिवस एकत्र सराव मिळावा, म्हणजे निदान हुकरला आपल्या उडी मारणाऱ्याचं नाव माहीत असेल. आणि यादी पक्की होण्याआधी प्रत्येक लांबच्या विभागातला किमान एक सामना निवडकर्त्यांपैकी कोणीतरी तिथे जाऊन पाहावा. यातल्या कोणत्या गोष्टीने दर्जा घसरतो?

आपण पुन्हा लिहिणार असाल तर जरूर लिहा, या तीन गोष्टींवर लिहा, आणि शक्य झालं तर नावानिशी लिहा. वेल्सची दुरुस्ती लेखात आपल्या उल्लेखासह केली आहे. आपली प्रतिक्रिया मी काढणार नाही, त्या शेवटच्या वाक्यासकट ती तिथेच राहील. ती वाचणाऱ्याला हे उत्तरही सापडावं म्हणून खाली त्याचा दुवा दिला आहे.