सरहद्दीवरचा म्हातारा 'असेल बुवा' म्हणालाच नव्हता

व्हॉट्सॲपवर एक चिनी गोष्ट फिरतेय. शेतकऱ्याचा घोडा पळतो, परत येताना आणखी घोडे घेऊन येतो. त्यातल्या एकावरून पडून मुलाचा पाय मोडतो. मग सैन्यभरतीवाले येतात आणि लंगडा म्हणून त्याला सोडून जातात. शेतकरी दर वेळी म्हणतो, 'असेल बुवा.' खाली ठळक अक्षरांत: 'लाओत्सेचा उपदेश – जे होतं ते चांगल्यासाठीच, तुम्ही स्वस्थ राहा.'

ही गोष्ट लाओत्से या प्राचीन चिनी विचारवंताची नाही. ह्वाइनान या चिनी संस्थानाचा राजा ल्यू आन याच्या दरबारातल्या विद्वानांनी रचलेला 'ह्वाइनानत्स' हा ग्रंथ इ.स.पू. 139 मध्ये सम्राट वू याला सादर झाला. त्याच्या अठराव्या प्रकरणात ती येते. सुखदुःखं एकमेकांच्या पोटात दडलेली असतात, हा विचार मात्र लाओत्सेच्या नावावरच्या ग्रंथात आहे.

'असेल बुवा'ही मुळात नाही. लोक हळहळायला आले की मूळ गोष्टीतला सरहद्दीवरचा म्हातारा (फॉरवर्डमधला शेतकरी) विचारतो, 'हे भाग्य कशावरून नसेल?' अभिनंदनाला आले की, 'हे संकट कशावरून नसेल?' खांदे उडवून मोकळा होणाऱ्यातला हा नव्हे. चांगलाच खवचट आहे.

खरी गोम सैन्यभरतीत आहे. मूळ गोष्टीत वर्षभरानं उत्तरेकडच्या हू टोळ्या सरहद्द ओलांडतात, धडधाकट तरुण धनुष्यं घेऊन लढतात आणि त्या भागातली दहातली नऊ माणसं मरतात. लंगड्या पायामुळे हे बापलेक तेवढे वाचतात. मेलेले कोण? घोडा गेला तेव्हा धीर द्यायला आलेले लोकही त्याच सरहद्दीवरचे. त्यांच्या घरी जाऊन 'चांगल्यासाठीच' म्हणून बघा! फॉरवर्डमध्ये हे नऊ जण गाळलेत, म्हणून तर उपदेश इतका गोड लागतो.

आणि 'स्वस्थ राहा'? त्याच प्रकरणात स्पष्ट लिहिलंय की संकट माणूस स्वतःच ओढवून घेतो आणि भाग्यही स्वतःच घडवतो.

चिनी बोलण्यात ही सगळी गोष्ट चार अक्षरांत मावते: 'साय वंग शी मा', म्हणजे सरहद्दीवरच्या म्हाताऱ्याचा घोडा हरवला. नोकरी हुकली, परीक्षेत आपटी खाल्ली की धीर द्यायला ती म्हणतात. नव्या घोड्यांपायी पाय मोडल्याचा भाग तिथेही सहसा कुणी काढत नाही.