हुकुमाचा ताबेदार

रात्रीचे साडेदहा वाजलेत. धुणं होऊन तास झाला, कपडे गॅलरीतल्या दोरीवर गेले, मशीनचं बटण बंद आहे, पुढचा एकही दिवा पेटलेला नाही. आणि तरी मोरीतून घर्रर्र चालूच. अशा वेळी घरात काय काय होतं हे मला आता पाठ झालंय. आधी कोणीतरी बटण चालू करून पुन्हा बंद करतं. मग दुसरं कोणीतरी, पहिल्याला नीट दाबता आलं नसणार अशा खात्रीनं, तेच करतं. मग मशीनच्या पाठीत एक थाप बसते. "भूत लागल्यागत चालतंय बघा," म्हणत शेजारच्या काकू येतात. त्यांच्या मागोमाग गल्लीतला सर्वज्ञ येतो आणि दारातूनच निकाल देतो, "पंप गेलाय भावा, बदलून टाक."

मर्दा, गेलेला माणूस रात्रभर कामावर उभा असतो काय?

मी या भांडणात पंपाच्या बाजूचा आहे. फ्रंट लोडच्या, म्हणजे समोर दार असलेल्या मशीनच्या पायाशी, फिल्टरच्या मागं बसलेलं, ड्रममधलं पाणी बाहेर फेकणारं हे यंत्र जेमतेम ३० वॅटचं. तांब्याची कॉइल, चुंबकाचा रोटर आणि पुढं प्लॅस्टिकची चार पाती. २३० व्होल्ट आले की फिरायचं, गेले की थांबायचं. आत ना मेंदू ना घड्याळ. न थांबणारा पंप हा बहुतेक वेळा ठणठणीत पंप असतो. त्याला कोणीतरी 'चालू राहा' म्हणतंय आणि तो ऐकतोय. हुकूम कोणाचा, एवढंच शोधायचं. ते न शोधता पंप बदलला तर नवा पंपही तितक्याच निष्ठेनं घरघरतो, फक्त बिल वेगळं येतं. (सेमी ऑटोमॅटिकवाल्यांनी इथूनच झोपायला जावं. त्यांच्यात हा पंपच नसतो, पाणी आपल्या वजनानं जातं. बऱ्याच टॉप लोडमध्येही पंपाऐवजी झडप ओढणारी मोटर असते.)

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वैतागून प्लग उपसणं आणि अंगावर चादर ओढणं. पाणी आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह अडकून पाणी सारखं येत असेल, तर त्या घरात पंप हा एकटाच जागा माणूस असतो. प्लग काढला की पंप थांबतो, पाणी थांबत नाही. नळाच्या पाण्याला वीज लागत नाही. सकाळी दार उघडाल तर पंचगंगा घाट घरातच. म्हणून आधी मशीनमागच्या नळाची चावी बंद, मग सॉकेट.

खरं तर चावी बंद करून दोन-चार मिनिटं नुसतं ऐकावं. पाणी ओढणाऱ्या पंपाचा आवाज भरल्या घशाचा असतो, कोरड्याचा खरखरीत. चावी बंद केल्यावर पाणी संपून पंप आपोआप गप्प झाला तर चोर म्हणजे व्हॉल्व्हच. खात्रीसाठी सॉकेट बंद ठेवून चावी उघडायची आणि दारातून आत बॅटरी मारायची. वीज नसताना ड्रममध्ये पाणी ठिबकतंय? मग वायरींकडं किंवा मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाकडं बघायचं कारण नाही.

हा व्हॉल्व्ह आमच्या कोल्हापुरात का रुसतो याचं एक कारण डोक्यावरच असतं. आतला रबरी पडदा घट्ट बसवायचं काम स्प्रिंगपेक्षा पाण्याचा दाबच जास्त करतो. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, आणि बऱ्याच मशीनना किमान ०.३ बार लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी व्हॉल्व्हच्या तीन मीटर तरी वर हवं. आपल्याकडं टाकी मोरीच्या बरोब्बर डोक्यावर, स्लॅबला चिकटून. टाकी भरलेली असेल तर कसंबसं निभतं. उतरली की पडदा अर्धवट बसतो आणि ठिबक सुरू. त्यात टाकीच्या तळची वाळू पाइपातून येते. पाइप जिथं मशीनला जोडतो तिथली बोटाच्या पेरापेक्षाही छोटी जाळी पकडीनं ओढून जुन्या ब्रशनं धुवायची. तरी ठिबकलं तर वाळू पडद्याखाली गेलीय, व्हॉल्व्ह बदला. टाकी उंच करायची की छोटा प्रेशर पंप बसवायचा हा घरच्या राजकारणाचा विषय, त्यात मी पडत नाही.

चावी बंद, ड्रम कोरडा, मशीनचं बटणही बंद, आणि पंप तरी चालूच? मग संशय तळावर. बंद तळाच्या मशीनमध्ये खाली थर्माकोलचा एक तुकडा असतो आणि त्याच्यावर चिमुकला स्विच. गळून तळात पाणी साचलं की थर्माकोल तरंगतो, स्विच दाबतो, आणि पंपाला थेट हुकूम जातो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे जसे कोणाच्या सहीची वाट न बघता उघडतात, तसंच हे. पंचगंगेला पूर आला की राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. इथं इशारा वगैरे भानगड नाही, बोटभर पाण्याला एकदम धोका. गंमत अशी की पंप ड्रममधलं पाणी उपसतो, तळातलं नाही. तळातलं पाणी आहे तिथंच, थर्माकोल तरंगतोय, हुकूम कायम.

उपाय: चावी आणि सॉकेट बंद. फिल्टरशेजारची छोटी नळी ताटात सोडून आतलं पाणी काढा, मग फिल्टर डावीकडं फिरवून बाहेर. त्यानंतर मशीन कलवून तळ रिकामा करायचा. आत काँक्रीटचा ठोकळा असतो, सगळं वजन साठ-सत्तर किलोपर्यंत जातं, त्यामुळं एकट्यानं मर्दुमकी दाखवू नये. तालमीतली दोन पोरं बोलवावीत आणि नंतर मिसळ द्यावी. पुराचं पाणी शिरलेल्या घरात तळात गाळ वाळून बसलेला असतो. थर्माकोलचा तुकडा चिखलानं वरच चिकटला असेल तर पाणी नसूनही स्विच दाबलेलाच राहतो.

पाणी काढलं म्हणजे काम झालं असं समजू नका, ते आलं कुठून? दाराच्या रबराची खालची घडी उलटून बघा. सेफ्टी पिन किंवा आकडा तिथंच बसून रबर फाडतो. पंपाच्या तोंडाची क्लिप बघा, उंदरानं पाइप कुरतडलाय का बघा. आणि साबण. बादलीच्या धुण्याची पावडर वाटीनं मापून फ्रंट लोडमध्ये टाकली की फेस साबणाच्या खणातून वर येतो, मागच्या अंगानं उतरतो आणि तळात जाऊन परत पाणी होतो. "फेस आल्याशिवाय मळ निघतोय व्हय?" या प्रश्नाला उत्तर देऊन मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही.

तळ कोरडा निघाला तर वर या. सॉकेट बंद, मागचे दोन स्क्रू काढून वरचं झाकण मागं सरकवा. बाजूला डबीएवढा प्रेशर स्विच दिसेल, त्याला पेन्सिलीपेक्षा बारीक नळी. ड्रममध्ये पाणी चढलं की या नळीतली हवा दबते, त्या दाबावरून बोर्ड पाण्याची उंची ओळखतो. दहा सेंटिमीटर पाण्याला बारचा जेमतेम शंभरावा भाग. एवढ्या नाजूक कारभारात नळीच्या खालच्या टोकाला साबणाचा लगदा बसला की हवा कोंडून राहते आणि रिकामा ड्रम बोर्डाला भरलेला वाटतो. नळी डबीपासून उपटा, हात बाजूला घ्या, सॉकेट चालू करा. पंप थांबला तर निदान झालं. पुन्हा सॉकेट बंद करून नळीत खालच्या दिशेनं हलकी फुंकर मारा. डबीच्या तोंडात मात्र शंखासारखं फुंकू नका, आतला पडदा जातो.

यातलं काहीच नसेल तर बोर्ड. पंपाला वीज सोडणारा ट्रायॅक नावाचा तीन पायांचा दाणा शॉर्ट झाला की त्याचा दरवाजा कायमचा उघडा राहतो. मल्टिमीटरनं तपासताना पंप जोडलेलाच ठेवा. रिकाम्या वायरींवर चांगला ट्रायॅकही खोटे व्होल्ट दाखवतो आणि भले भले फसतात. हे मोजमाप चालू विजेवर असतं, हात बसलेल्यानंच करावं. दाणा त्याच नंबरचा टाकायचा. बऱ्याच बोर्डांवर जेली ओतलेली असते, ती खरवडण्यात जी संध्याकाळ जाते ती वेगळी. आणि इथं, या एकाच ठिकाणी, गल्लीतला सर्वज्ञ थोडा बरोबर ठरू शकतो: पंपाची कॉइल जळत आली असेल तर तिनंच ट्रायॅक मारलेला असतो. सॉकेट बंद करून पंपाच्या दोन टोकांवर रेझिस्टन्स बघा. साधारण दीडशे-दोनशे ओहम मिळाले तर पंप निर्दोष. फारच कमी आले तर दोन्ही बदला, नाहीतर नवा दाणा आठवड्यात जाईल. पाती बोटानं फिरवताना अडखळत, झटके देत फिरली तर घाबरू नका, ती चुंबकाची ओढ आहे. गुळगुळीत फिरली तर उलट काळजी करा.

सगळं जागेवर बसवून रिकामं मशीन एकदा नुसतं स्पिनवर लावायचं. पाणी जातं, पंप थोडा खरखरतो, आणि टक् करून थांबतो. मोरीत इतकी शांतता होते की टाकीचा ठिबक ऐकू येतो.

पाचच मिनिटांत दारावर काकू. "अवो, बंद पडलं व्हय मशीन? आवाजच येईना, म्हणून बघायला आलो."